साडूभाऊंचे चौकोन

जगातला प्रत्येक माणूस आपल्यावाचून काहीतरी अडावं म्हणून धडपडत असतो. माझे साडू हा मी पाहिलेला एकमेव माणूस, जो आपल्यावाचून काहीही अडू नये म्हणून जिवाचं रान करतो. आमच्याकडे अंतरपाट धरणाऱ्या मामालासुद्धा वाटत असतं, आपण वेळेवर पोचलो नसतो तर लग्न लागलं नसतं. माझंही तेच. कर्जतला मी लग्नाच्या जेवणांची कामं घेतो, आणि मी चुलीपासून उठलो की वरणाची चव बिघडते, हे लोकांना मीच सांगत आलो. साडूभाऊंनी असलं काही ऐकलं की ते बेचैन होतात. एखादी गोष्ट फक्त एकाच माणसाला येते असं त्यांच्या कानावर पडलं, की त्या माणसाकडे ते असे बघतात, जसं आपण धरणाच्या भिंतीतल्या भेगेकडे बघू. या स्वभावापायी मागच्या वर्षी त्यांची नोकरी पणाला लागली. ती राहावी म्हणून मी त्यांना एक सल्ला दिला, आणि त्या सल्ल्याची मला अजून लाज वाटते. मी मनातलं फारसं बोलणारा माणूस नाही, घरात तर नाहीच नाही. पण ते सांगायचं म्हटलं तर आधी साडूभाऊ कळायला हवेत, आणि ते एका दमात कळणाऱ्यातले नाहीत.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. तिचे हे यजमान. राहायला खोपोलीला, नोकरी एका मोठ्या विमा कंपनीत, आणि हुद्दा 'एंटरप्राइज आर्किटेक्ट'. यातला पहिला शब्द सासुरवाडीत कुणाला उच्चारता आला नाही आणि दुसरा सगळ्यांना कळला, त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सासऱ्यांनी त्यांना नव्या गोठ्याचा नकाशा काढून मागितला. साडूभाऊंनी नाही म्हटलं नाही. दिवसभर ते गोठ्यापाशी बसले, गाय बघितली, गवत बघितलं, डेअरीच्या टेंपोवाल्याशी बोलले, आणि संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आणि बाण काढून आणले. गाईचा चौकोन, पाण्याचा चौकोन, पेंडीचा, दुधाचा, आणि बहुतेक बाण ज्यात घुसत होते तो सासूबाईंचा. सासऱ्यांनी तो कागद चारही बाजूंनी फिरवून बघितला आणि विचारलं, "यात दार कुठं हाय?"

"दाराचं नंतर बघू, मामा. आधी मला सांगा, मामी आजारी पडल्या तर गाईचं कोण बघतं?"

सासऱ्यांनी बराच विचार केला. "तीच बघते," ते म्हणाले.

त्यांचं खरं काम मला कळायला पुढे बरीच वर्षं गेली. त्यांच्या कंपनीत म्हणे कॉम्प्युटरच्या लहानमोठ्या शेकडो यंत्रणा आहेत. एक हप्ते घेते, एक पत्रं पाठवते, एक एजंटांचं बघते, एक दावे तपासते. काही परवा विकत घेतलेल्या, आणि काही इतक्या जुन्या की त्या लिहिणारी माणसं निवृत्त होऊन गावी आंबे राखतायत. एकीची भाषा दुसरीला येत नाही. यातल्या कुणी कुणाशी बोलायचं, कुठली ठेवायची, कुठली बंद करायची, आणि ऐन वेळी एखादी बसली तर बाकीच्यांनी काय करायचं, हे ठरवणं हे साडूभाऊंचं काम. स्वतः ते कॉम्प्युटरवर एक ओळ लिहीत नाहीत. माझ्या मुलीचा प्रिंटर बंद पडला तेव्हा ती मोठ्या आशेने त्यांच्याकडे गेली, तर प्रिंटरला हात न लावता त्यांनी तिला अर्धा तास, तू मुळात छापतेस कशासाठी, हे विचारलं. ती परत आली तेव्हा प्रिंटर बंदच होता, पण तिला त्याची गरज उरली नव्हती.

"म्हंजे तुमी नक्की करता काय?" असं सासऱ्यांनी एकदा त्यांना सरळच विचारलं होतं. तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "मामा, घाट चढायच्या आधी कर्जतला गाडीला मागून इंजिनं लावतात की नाही?"

"लावतात."

"आत बसलेल्याला कळतं?"

"नाय. जरा हिसका बसतो."

"ती इंजिनं किती लावायची, कुठून आणायची, वर गेल्यावर कुठं सोडायची आणि एखादं बंद पडलं तर धावून कोण येणार, हे कुणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं. मी तो."

"म्हंजे डायवर नाय."

"नाही."

"गार्डपण नाय."

"नाही."

"पगार देतात?"

"देतात."

"मग बरंय," सासरे म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. गावात मात्र सांगत राहिले, की आमचे थोरले जावई रेल्वेत आहेत.

साडूभाऊंचे प्रश्न तीन. हे कोण वापरतं, हे कशाच्या आधारावर उभं आहे, आणि हे उद्या नसलं तर काय अडेल. हे प्रश्न ते ऑफिसात विचारतात तेव्हा त्यांना पगार मिळतो, आणि घरात विचारतात तेव्हा बोलणी खावी लागतात. एका गणपतीत त्यांनी आमच्या घरच्या आरतीचा अभ्यास केला आणि जाहीर केलं, की मंत्रपुष्पांजली या घरात फक्त माझ्या थोरल्या काकांना येते, बाकी सगळे त्यांच्या मागून ओठ हलवतात. बायका चिडल्या. आमच्या हिने तर, "भावजी, तुम्ही देवाला तरी सोडा," असं तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडूभाऊंनी काकांशी काहीतरी संधान बांधलं, आणि मंत्रपुष्पांजली ऐन भरात आली असताना काका एकदम थांबले. जणू कुणी दिव्याचं बटण बंद केलं. पंचवीसतीस माणसं हातात फुलं घेऊन तोंड उघडं ठेवून उभी. मग एका कोपऱ्यातून कुणीतरी "ॐ" असं म्हणून बघितलं, पण त्याला पुढे काही सुचेना. काकांनी खो खो हसत पुढचं म्हणून टाकलं म्हणून निभावलं. त्या वर्षी घरातल्या चौघांना मंत्रपुष्पांजली पाठ करावी लागली, आणि पुढच्या वर्षी काकांचा घसा खरंच बसला तेव्हा कुणीही साडूभाऊंचं नाव काढलं नाही. त्यांना ते चाललं. उलट ते खूष होते.

जुनी वस्तू टाकून द्यायला त्यांचा जीव धजत नाही, पण ते कंजूष म्हणून नव्हे. तिच्यावर कोण अवलंबून आहे हे कळेपर्यंत ती काढायची नाही, असा त्यांचा नेम. कशेळ्याच्या पुढे आमची सासुरवाडी, तिथे ओटीवर एक काळं, गोल, जुनं बटण होतं. दाबलं तरी घरात काही लागत नसे, सोडलं तरी काही विझत नसे. घरातली वायरिंग नवी करायची ठरली तेव्हा साडूभाऊंनी त्या बटणावर चिठ्ठी डकवली, "काढू नये. चौकशी चालू आहे." ती वाचून मी आणि वायरमन इतके हसलो की चहा सांडला. साडूभाऊ खोपोलीला गेल्याबरोबर मी ते बटण काढायला लावलं. दुसऱ्या सकाळी शेजारचे तात्या, जे बांधाच्या भांडणापासून सासऱ्यांशी बोलत नव्हते, ते अंगणात येऊन उभे राहिले. त्यांच्या गोठ्यातला दिवा गेला होता. चांगल्या दिवसांत सासऱ्यांनीच त्यांना आपल्या घरातून वायर दिली होती. मग अबोला झाला, पोरांची लग्नं झाली, दोघेही म्हातारे झाले, पण दिवा जळतच राहिला, आणि दोघांनीही ती गोष्ट सोयीने विसरून टाकली होती. साडूभाऊंना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. "बघा," ते मला म्हणाले, "माणसं बोलत नव्हती, पण वायर बोलत होती." बटण परत लागलं. त्या निमित्ताने तात्या ओटीवर बसून चहाही प्यायले. मी मात्र पुढे कित्येक महिने ती चिठ्ठीची गोष्ट प्रत्येक लग्नात नकला करून सांगितली, आणि शेवटी बटण का परत लावावं लागलं, तेवढं सांगायचं टाळलं. त्यांच्या पाठीमागे हसण्याची मला सवयच होती.

आता त्यांचीही एक फजिती सांगतो, नाहीतर ते देवमाणूस वाटायचे. खालापूरकडच्या एका फार्महाऊसवर लग्नाचं जेवण होतं. मोठं काम. आदल्या दिवशी साडूभाऊ माझ्या गोदामात येऊन उलट्या पातेल्यावर बसले आणि सुरू झाले. आचारी आला नाही तर? म्हणून दोन आचारी. शेगडी पेटली नाही तर? शेगड्या दुप्पट. मीठ विसरलं तर? मीठ दोन वेगळ्या पिशव्यांत. टेंपो बंद पडला तर? म्हणून दोन टेंपो, आणि तेही अर्धा स्वयंपाक एकात आणि अर्धा दुसऱ्यात असं नाही, दोन्हींत सगळं. माझा खर्च वाढत होता, पण त्या दिवशी त्यांच्या बोलण्याला एक चढ होता, आणि मीही वाहवत गेलो. लग्न लागलं, पंगतीची वेळ झाली, आणि टेंपोचा पत्ता नाही. फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, चौक गावाच्या अलीकडं ट्रेलर आडवा पडलाय. हलायला जागा नाय."

"मग दुसरा टेंपो?"

"तो हाय ना, माझ्या मागं उभा हाय."

वधूपिता माझ्याकडे बघत होता. मी साडूभाऊंकडे बघत होतो. आणि साडूभाऊंच्या चेहऱ्यावर अशी कळा आली होती, जणू त्यांना दृष्टांत झाला. "साडूभाऊ," त्यांनी माझा दंड धरला, "आपण दोन टेंपो सोडलेच नाहीत. एकाच रस्त्याने सोडले ना, म्हणजे आपण एकच टेंपो सोडला." पाहुणे उपाशी, बँडवाले उपाशी, आणि हे मला रुमालावर पेनाने रस्ता काढून दाखवतायत. जिलेबी तेवढी जागेवर तळायची होती, म्हणून त्या दिवशी लोकांनी जिलेबीने जेवायला सुरुवात केली आणि वरणभाताने शेवट केला. एक म्हातारे गृहस्थ हात धुताना मला म्हणाले, "हे नवीन काढलंत का? बरं वाटलं." तेव्हापासून माझा एक टेंपो चौकवरून जातो आणि दुसरा पळसदरीवरून, खोपोलीमार्गे. साडूभाऊंनी ही गोष्ट आपल्या ऑफिसातल्या बैठकीत चित्रं काढून सांगितली, आणि त्यात माझं नाव 'पुरवठादार' असं घातलं.

तर अशा माणसाची कंपनी मागच्या दिवाळीच्या सुमारास एका मोठ्या कंपनीने घेतली. नवे साहेब दक्षिणेतल्या एका शहरात. त्यांनी साडूभाऊंचं फार कौतुक केलं आणि एक काम दिलं: जुन्या कंपनीत जे जे आहे, कोण कशाशी बोलतं, काय कुठे अडतं, त्या सगळ्याचा एक नकाशा करा, म्हणजे आमची माणसं तिकडून ते चालवू शकतील. यातलं पुढचं पाऊल मला माझ्या गोदामात बसून दिसत होतं. नकाशा पुरा झाला की नकाशा काढणारा कशाला हवा? पन्नाशीच्या पुढच्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? ताईच्या मुलाचं शिक्षण अर्ध्यावर. ताईलाही ते दिसत होतं, आणि तिने आमच्या हिच्याकडून मला निरोप दिला, की तुम्ही त्यांच्याशी एकदा बोला, तुमचं ते ऐकतात.

म्हणून मी त्यांना एका दुपारी मसाल्याच्या खोलीत बोलावलं. ते नकाशाची भली मोठी गुंडाळी घेऊनच आले. जमिनीवर पसरली तर पोत्यांपर्यंत पोचली. चौकोनच चौकोन, बाणच बाण, आणि सगळं इतकं सुबक, की मला त्यातलं काही न कळताही चांगलं वाटलं. एका कोपऱ्यात एक चौकोन तुटक रेघांनी काढलेला होता. मी विचारलं, हा असा का?

"हा अजून फक्त माझ्या डोक्यात आहे," ते म्हणाले. मार्चअखेरीला फार जुन्या विमेदारांची मोजणी करणारी एक यंत्रणा होती. ती आधी चालवायची आणि पैसे द्यायची यादी करणारी दुसरी मागून. उलटं झालं तर काही म्हाताऱ्या माणसांची नावं यादीतून गळून पडतात, आणि कळतं तेव्हा त्यांची बायकामुलं कचेरीच्या दारात उभी असतात. हा क्रम कुठेही लिहिलेला नव्हता. साडूभाऊंना तो ठेच लागून कळला होता.

मी दार लोटून घेतलं. "मग लिहूच नका," मी म्हणालो. "एवढं एक राहू द्या पोटात. मार्च आला की येतील हात जोडत."

मला गप्प बसवेना. मी त्यांना माझं सांगितलं, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्याकडे माझा सख्खा धाकटा भाऊ कामाला आहे, चुलीवर माझ्याइतकाच तयार. पण शेवटचा मसाला मी घालतो, त्याच्याकडे पाठ करून. "आज माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही," मी म्हणालो. "म्हणून मी अजून शेठ आहे. धंदा असाच टिकतो, साडूभाऊ. एक किल्ली आपल्याकडे ठेवायची."

मला वाटलं, ते त्यांचा तिसरा प्रश्न विचारतील. त्यांनी विचारला नाही. नकाशाची एक कड हाताने सारखी करत ते म्हणाले, "माझ्या वडलांच्या हाताला दोन बोटं नव्हती, ती का, ते तुम्हाला कधी सांगितलंय का?" मी म्हटलं, नाही. "भात कापताना साप चावला होता. आईने बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शन होतं. काचेच्या कपाटात, समोर दिसत होतं. किल्ली कंपाउंडरकडे, आणि कंपाउंडर बहिणीच्या लग्नाला गेलेला. फार भला माणूस होता तो, आम्हा पोरांना पेपरमिंट द्यायचा. काच फोडायची की नाही यावर मोठी माणसं बोलत बसली. शेवटी आईनेच दगड घातला." त्यांनी नकाशाची दुसरी कड सारखी केली. "वडील वाचले. बोटं काळी पडली ती काढावी लागली. औषध होतं, साडूभाऊ. माणूस चांगला होता. किल्ली तेवढी एकाकडे होती."

इतकी वर्षं मी ज्याच्या नकला करत होतो, ते सगळं या एका कपाटापासून सुरू झालेलं होतं, आणि ते मी कधी विचारलं नव्हतं. मी मान खाली घालून लवंगा निवडत बसलो. जाताना ते एवढंच म्हणाले, "तुम्ही माझ्या काळजीने बोललात, हे कळतं मला."

त्यांनी सगळं लिहून दिलं. तुटक रेघांचा चौकोन भरीव झाला. नुसतं लिहून त्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांनी नव्या कंपनीतल्या दोघांना कॉम्प्युटरवरून रोज शिकवलं, एक तिकडची मुलगी आणि एक पुण्याचा मुलगा. एकाच शहरातले दोघे त्यांनी मुद्दाम घेतले नाहीत. टेंपोची गोष्ट त्यांच्या अंगी मुरली होती. ताई सांगायची, शिकवणीच्या वेळी ते हळूच एखादी चूक घालून ठेवतात आणि पोरांना ती सापडली की पाठ थोपटून घेतल्यासारखे हसतात. संक्रांत झाल्यावर कंपनीने त्यांना निरोप दिला. भाषण झालं, शाल दिली, एक कुंडी दिली.

त्या रविवारी आम्ही सगळे सासुरवाडीला जमलो होतो. साडूभाऊंनी जेवताना, भाकरीचा तुकडा मोडत, जसं पाऊस कमी झाला म्हणतात तसं सांगितलं, "मला काढलं." ताईने ताटातून मान वर केली नाही, तिला माहीत होतं. सासूबाई वाढता वाढता थांबल्या. "काढलं म्हंजे? काय चुकलं काय तुमचं?"

"काही नाही, मामी. उलट सगळं नीट झालं. आता माझ्यावाचून चालतं."

"म्हंजे तुमीच तुमाला काढलंत व्हय?"

साडूभाऊंनी यावर खरोखर विचार केला. "तसंच म्हणायला हवं," ते म्हणाले.

"शिकल्याली मानसं," सासूबाई पुटपुटल्या, आणि त्यांच्या ताटात भाकरीचा दुसरा तुकडा जरा जोरातच टाकला. "आमची गाय आटली तरी आमी तिला वैरण घालतो." थोड्या वेळाने सासऱ्यांनी मला हळूच विचारलं, "रेल्वेत परत घेतील का?"

मग मार्चअखेर आली. त्या दिवशी साडूभाऊ सकाळीच माझ्या गोदामात येऊन बसले. घरी ताईच्या नजरेसमोर बसवत नाही, म्हणाले. फोन पोत्यावर समोर ठेवला. जवळ दुसरा चार्जर. गोदामात सिग्नल कुठे चांगला येतो ते त्यांनी आधी फिरून बघितलं आणि बसायचं पातेलं तिथे सरकवलं. मी कांदा चिरायला घेतला, त्यांनी लसूण सोलायला घेतला. दहाच्या सुमारास पहिली यंत्रणा सुरू होते, हे मला त्यांच्याकडूनच ठाऊक होतं, आणि दुपारनंतर दुसरी.

आणि आता जे सांगतो ते मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही. तो सगळा दिवस कांदा चिरता चिरता मी मनात एकच मागणं मागत होतो: चुकू दे. उलटा होऊ दे क्रम, गळू दे चार नावं, म्हातारी माणसं राहू देत ताटकळत, पण हा फोन वाजू दे. त्या बैलगाडीची गोष्ट ऐकल्यानंतरही मी हे मागत होतो. मला त्या म्हाताऱ्यांचे चेहरे दिसत नव्हते, समोरचा लसूण सोलणारा माणूस दिसत होता. दुपारी एकदा फोन वाजला. दोघेही दचकलो. ताई होती, येताना ओलं खोबरं आणा म्हणत होती.

ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरलं, भाऊ टेंपो भरून कामावर निघून गेला, आणि तसाही शांत असणारा तो फोन जास्तच शांत वाटायला लागला. पाचच्या पुढे केव्हातरी साडूभाऊंनी सोललेल्या लसणाचं ताट माझ्याकडे सरकवलं.

"झालं असणार," ते म्हणाले.

"नीट?"

"नीट. चुकलं तर त्याच दिवशी कसं ओळखायचं, हे पोरांना शिकवलंय. एव्हाना फोन आला असता."

त्यांचा चेहरा समाधानी होता, हे मी शपथेवर सांगेन. कामावर आणि पोरांवर खूष झालेल्या माणसाचा चेहरा. पण उठताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, तसेच थोडा वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, "साडूभाऊ, तिकडे कुणाला आज माझी आठवण तरी झाली असेल का हो?"

मी त्यांच्यासाठी पानात गरम भात वाढला, वर तूप घातलं. त्यांनी जेवून घेतलं. तेव्हा मला एक वाक्य बोलता आलं असतं तर हे इतकं लिहावं लागलं नसतं.

आता ते खोपोलीच्या एका पतसंस्थेचं आणि इकडच्या वाड्यांवरच्या पाणीयोजनांचं काम बघतात, म्हणजे तिथेही आपल्यावाचून अडू नये याची सोय लावत हिंडतात. आमच्या घरात तर त्यांच्यावाचून काहीच अडत नाही. तशी व्यवस्था त्यांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी ते मुरबाडकडच्या कुठल्यातरी पाण्याच्या टाकीपाशी अडकले आणि सासुरवाडीला आले नाहीत. सगळं अगदी वेळेवर झालं. गाईचं बघायला माणूस होता, गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला होता, जेवणाआधीच्या आरतीत कुणी अडखळलं नाही. पानं वाढली, आम्ही जेवायला बसलो, जेवलो आणि उठलो, आणि सबंध जेवणात, हे उद्या नसलं तर काय अडेल, असं कुणीही कुणाला विचारलं नाही.